जुन्या हौदाला नवा मुलामा

बाथटब म्हटले की आपल्याला हिंदी सिनेमातला फेसाने भरलेला टब आठवतो. जालना जिल्ह्यात असे टब मोजकेच. काही जुन्या बंगल्यांत, काही हॉटेलांत आणि अलीकडे हौसेने बांधलेल्या घरांत. न्हाणीघरातला हौद मात्र गल्लोगल्ली सापडेल. कुठे साध्या सिमेंटचा, कुठे मोझॅकचा, कुठे पांढऱ्या टाइल्स लावलेला. टब असो की हौद, दहा-पंधरा वर्षांत दोघांची दशा सारखीच होते. तळाला पिवळट राप, पाण्याच्या पातळीवर पांढरी रेघ, नळाखाली तांबूस ओघळ आणि हात फिरवला तर खरखर. मग घरात लग्नकार्य निघाले की प्रश्न येतो, हा फोडून नवा बसवायचा का?

फोडण्याआधी थोडा हिशेब करावा. नव्या टबाची किंमत दुकानदार सांगतो, पण जुना उखडताना बाजूच्या टाइल्स फुटतात, नळजोडणी बदलावी लागते, खालचे वॉटरप्रूफिंग पुन्हा करावे लागते, गवंडी आणि प्लंबर यांची मजुरी वेगळी. टबापेक्षा त्याच्या भोवतालचा खर्च जास्त होतो. उलट पाच फुटी टबाचा आतला पृष्ठभाग जेमतेम तीस चौरस फूट भरतो. त्याला दोन हात द्यायला चांगला रंग एका लिटरच्या आतच लागतो. तीन फूट लांब-रुंद-खोल हौदाचा आतला भाग पंचेचाळीस चौरस फूट. म्हणजे सामानाचा खर्च फार नाही. लागतो तो वेळ, आणि त्याहून जास्त लागते ती पूर्वतयारी.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. कल्हईवाला आठवून पाहा. पितळेच्या पातेल्याला कल्हई करण्याआधी तो ते वाळूने, राखेने घासघासून काढायचा, मग भट्टीवर तापवून नवसागर टाकायचा. नवसागराने उरलासुरला मळ निघून धातू उघडा पडायचा आणि मगच कथिलाचा तुकडा फिरायचा. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते पसरायला क्षणभर पुरे. सगळी मेहनत त्याआधीची. घासण्यात कसूर झाली तर कल्हई तिथे धरतच नसे. टबाचा आणि हौदाचा मुलामाही असाच आहे. डब्यातला रंग महागाचा असो की स्वस्ताचा, खालचा पृष्ठभाग स्वच्छ नसेल तर सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि लोक रंगाला दोष देतात.

आता डाग येतात कुठून ते पाहू. आपला जिल्हा बेसॉल्टच्या काळ्या खडकावर वसलेला. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. काळ्या रानात नांगरताना पांढरे खडे वर येतात, ती चुनखडी शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. तोच चुना विरघळलेल्या रूपात बोअरच्या पाण्यातून आपल्या हौदात येतो. पाणी तापले किंवा वाळले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना मागे राहतो. बंबाच्या आत जमणारे पांढरे किटण तेच, गिझरच्या कॉइलवरचेही तेच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा आपल्या बोअरचे पाणी ६०० चे आहे आणि अंघोळीनंतर टबाच्या अंगावर रोज अर्धा पेला पाणी तसेच वाळते. अर्ध्या पेल्यात ६० मिलिग्रॅम क्षार. वर्षाचे झाले बावीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन तोळे. टबाला दरवर्षी दोन तोळ्यांचा दागिना घडतो म्हणायचा! तलावाचे किंवा धरणाचे पाणी बहुधा बोअरच्या पाण्याहून मऊ असते. जालना शहराला निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव आणि जायकवाडी धरण यांचे पाणी मिळते. ज्या घरात नळाचेच पाणी हौदात पडते तिथे राप उशिरा चढतो. नळाला दिवसाआड, आठवड्याआड पाणी येऊ लागले की लोक बोअर सुरू करतात, आणि पांढरी रेघ तिथून सुरू होते.

हा चुना साबणाशीही भांडतो. कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याऐवजी राखाडी, चिकट साय तयार होते आणि ती टबाच्या कडेला बसते. ही साय पाण्याने जात नाही आणि खालच्या क्षारांवर पांघरुणासारखी बसते. म्हणून साफसफाईत क्रम महत्त्वाचा आहे. आधी धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट गरम पाण्यात घालून ही साय काढायची. स्वच्छ पाण्याने धुवायचे. त्यानंतर आंबट पदार्थ वापरायचा. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, यासाठी उत्तम. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे घालावे, जुने सुती फडके त्यात भिजवून डागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, नायलॉनच्या घासणीने घासावे, धुवावे आणि गरज पडली तर पुन्हा करावे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा एक प्रकार हल्ली फार लोकप्रिय आहे. फसफसते जोरात, बघायलाही मजा येते, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी हातात उरते ते खारट पाणी.

तांबूस ओघळ हा लोखंडाचा. जुन्या लोखंडी पाइपातून किंवा बोअरच्या पाण्यातून तो येतो. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली तर डाग जाण्याऐवजी आणखी पक्का होतो, कारण ब्लीच लोखंडाला गंजवतेच. तिथेही लिंबूसत्त्वच कामी येते, फक्त जास्त वेळा लावावे लागते. हिरवट निळा डाग तांब्या-पितळेच्या नळाचा. कोपऱ्यातले काळे ठिपके बहुधा बुरशीचे.

इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे न्हाणीघर साफ करणे म्हणजे ॲसिड ओतणे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले, तरी संडास-बाथरूम साफ करण्याच्या बाटल्यांत हेच हायड्रोक्लोरिक ॲसिड कमी तीव्रतेने असते. ते ओतले की फस्स करून फेस येतो आणि डाग जातो, म्हणून आपण खूश. पण फेस कशाचा येतो ते पाहा. मराठवाड्यातल्या कितीतरी न्हाण्यांत शहाबादी फरशी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडकच. त्यावर ॲसिड पडले की डागासोबत फरशीही विरघळते. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट, दोन्ही ॲसिडला बळी पडणारे. सिमेंटच्या हौदाचे तेच. टाइल्सचा वरचा चकचकीत थर टिकतो, पण सांध्यांतले व्हाइट सिमेंट खाल्ले जाते आणि पाणी टाइलच्या मागे शिरते. टबाचे इनॅमलही वर्षानुवर्षांच्या ॲसिडने मंद पडते. मंद आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर पुढचा राप दुप्पट वेगाने धरतो, मग पुन्हा ॲसिड, पुन्हा खरखर. बहुतेक टब आणि हौद पाण्याने नाही, या साफसफाईने म्हातारे होतात, असे माझे मत आहे.

आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये, किंवा उलटही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे शत्रूवर सोडला गेला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात त्याची थोडी मात्राही छाती जाळायला पुरते. घरकाम करणाऱ्या बाईंना दोन बाटल्या देऊन 'चकाचक करा' म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावे.

साफ करून झाल्यावर कळते की खाली काय आहे. डाग गेला आणि पृष्ठभाग गुळगुळीत निघाला, तर मुलाम्याची गरजच नाही. पैसे वाचले. डाग गेला पण पृष्ठभाग खरखरीत, निस्तेज, जागोजागी खपल्या उडालेला असेल तरच पुढे जायचे. टब कशाचा आहे हे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर आत लोखंड किंवा पोलादी पत्रा, वर इनॅमल. नाही चिकटला तर बहुधा फायबर किंवा ॲक्रिलिक. फायबरच्या टबात उभे राहून तळ दाबून पाहावा. कुरकुर आवाज करत तो दबत असेल तर त्याखालचा आधार गेला आहे. त्यावर कितीही चांगला रंग लावा, तळ हलला की रंगाला भेग पडणारच. हौदाला नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तिथला गिलावा सुटलेला आहे, तो काढून नवा करावा लागेल. आणि भेगेतून गंजलेला गज दिसत असेल तर रंगाचा विचार सोडून गवंड्याला बोलवावे. गंजणारे लोखंड फुगते आणि आतून काँक्रीट फोडत राहते.

इनॅमल म्हणजे लोखंडावर सुमारे आठशे अंशांना वितळवून बसवलेली काच. ती भट्टी घरात आणता येत नाही. म्हणून बाजारात 'टब नवा करून देतो' असे कोणी म्हणाले तरी तो देणार असतो तो रंगच. चांगला रंग, टिकाऊ रंग, पण काच नव्हे. हे डोक्यात ठेवले की अपेक्षाही रास्त राहतात. या कामाला साधा ऑइलपेंट चालत नाही, सततच्या पाण्याने तो फुगतो. लागतो दोन डब्यांचा इपॉक्सी. एका डब्यात मूळ रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन तो घट्ट होतो. मिसळण्याचे प्रमाण डब्यावर दिलेले असते आणि ते मापानेच घ्यायचे. 'थोडे हार्डनर जास्त टाका, लवकर वाळेल' हा पेंटरचा सल्ला इथे ऐकू नये. प्रमाण चुकले की रंग लवकर वाळत नाही, उलट कायमचा मऊ किंवा ठिसूळ राहतो.

रंगाआधी पॉलिश पेपर. आधी २२० नंबरचा, मग ४००, दोन्ही पाणी लावून. गुळगुळीत काचेवर रंग धरत नाही, त्याला बारीक ओरखडे हवेत. गंजाची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावी, गंजरोधक प्रायमर लावावा आणि खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरावेत. घराघरांत ओळखीचे एम-सील याच जातीचे. भिंतीची पांढरी पुट्टी इथे वापरू नये, ती पाण्याने विरघळून निघते. सगळे धुवून एक साधी परीक्षा करावी. पाणी शिंपडल्यावर ते सलग पातळ पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब-थेंब होऊन गोळा झाले तर अजून तेलकटपणा आहे, पुन्हा सोड्याने धुवावे.

आणि मग सुकवावे. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. कडेला, सांडपाण्याच्या छिद्राभोवती, भेगांत ओल राहते. सिमेंटचा हौद वरून कोरडा दिसला तरी आत पाणी धरून असतो. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब दिसले तर इपॉक्सी लावायची वेळ झालेली नाही.

सिमेंटच्या हौदाला मात्र इपॉक्सीच हवा असे नाही, आणि स्वस्तातला मार्ग पाहायचा तर नकोच. सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचे पॉलिमर द्रावण मिसळून ब्रशने दोन हात दिले तरी हौद चांगला होतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा. पण याचा नियम इपॉक्सीच्या अगदी उलटा आहे. इपॉक्सीला कोरडे ठणठणीत लागते, सिमेंटच्या लेपाला खालचा पृष्ठभाग ओलसर लागतो, नाहीतर जुने सिमेंट नव्या लेपातले पाणी शोषून घेते आणि लेप भुकटी होऊन उडतो. कितीतरी हौद या एका गोंधळामुळे बिघडतात. टाइल्सच्या हौदाला पुष्कळदा यातले काहीच लागत नाही, सांधे खरवडून नव्याने भरले की काम होते. हौदाचे पाणी पिण्यात किंवा स्वयंपाकात जात असेल, तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी चालेल असे स्पष्ट लिहिलेलाच लेप घ्यावा.

काम काढायचे कधी? रंग लावल्यावर टबात किंवा हौदात पाणी भरण्याआधी डब्यावर लिहिलेली मुदत पाळावी लागते, आणि इपॉक्सीला ती साधारण आठवडाभराची धरावी. म्हणजे धुण्यापासून मोजले तर दहा-बारा दिवस हौद रिकामा. ज्या घरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते तिथे रिकामा हौद ही चैन आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत ज्यांनी दिवस काढले त्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात तर हे काम मुळीच काढू नये. पाणी नाही म्हणून नाही, आणि दुसरे म्हणजे बेचाळीस अंशांत मिसळलेला इपॉक्सी ब्रश फिरण्याआधी डब्यातच घट्ट होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पावसाळ्यात हवाच ओली, सुकणे लांबते. राहता राहिला दिवाळीनंतरचा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे दुपार पंचवीस-तीस अंशांची, हवा कोरडी, विहिरी-बोअरला पाणी. दुपारी अकरा ते तीन रंग द्यावा, पहाटेच्या गारठ्यात नको. पाणी सोडण्याचा वार ठाऊक असतोच. त्या दिवशी प्लास्टिकचे ड्रम, कळशा, शेजाऱ्यांची टाकी, जे मिळेल ते भरून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी हौद उपसावा.

रंगाचा पातळ हात द्यावा, तो वाळला की दुसरा पातळ हात. एकच जाड हात दिला तर वरून वाळतो, आतून चिकट राहतो आणि ओघळ येतात. स्प्रे मारण्याच्या भानगडीत घरच्या घरी पडू नये, ब्रश किंवा लहान रोलर पुरे. इपॉक्सीवर थेट ऊन येत असेल तर काही काळाने तो पिवळट पडतो. खिडकीतून टबावर ऊन येणाऱ्या घरांनी हे आधीच विचारात घ्यावे.

राहिली जिवाची गोष्ट. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, टबात आणि हौदात पाण्यासारखी साठते. माणूस वाकून रंग देत असतो तेव्हा त्याचे तोंड नेमके त्या साठ्यात असते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब नव्याने रंगवणारे १३ कामगार असेच न्हाणीघरांत मृत्युमुखी पडले. जुना रंग सोलण्यासाठी त्यांनी मिथिलीन क्लोराइड असलेले द्रावण वापरले होते. पुढे २०१९ साली तिथे अशी द्रावणे सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी आली. आपल्याकडच्या दुकानात पेंट रिमूव्हर घेताना डब्यावर हे नाव दिसले तर तो परत करावा. जुना रंग पत्रीने आणि पॉलिश पेपरने निघतो, वेळ जातो इतकेच. नाकावर रुमाल बांधल्याने धूळ अडते, वाफ अडत नाही. खिडकी-दार उघडे, दारात पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून, आणि काम करणाऱ्यावर लक्ष ठेवायला दारापाशी दुसरा माणूस. खोल हौदात किंवा जमिनीखालच्या टाकीत उतरून एकट्याने रंग देऊ नये. आतला माणूस कोसळला तर मागोमाग उडी मारू नये, दोघेही जातात. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तो बंद करून सिलिंडरचा नॉबही बंद करावा. काम सुरू असताना आणि वास जाईपर्यंत तिथे विडी, उदबत्ती, मेणबत्ती काहीच नको. लाइट गेली तर काम थांबवावे.

मुदत संपली की पहिले भरलेले पाणी ओतून द्यावे, दुसरेही ओतले तर बरे. ते झाडांना न घालता सांडपाण्यात सोडावे. नव्या मुलाम्यावर तारेची घासणी आणि भुकटीची पावडर फिरवू नये, मऊ फडके आणि पातळ साबण पुरतो. टबात घसरू नये म्हणून रबरी मॅट टाकतात, तिचे चोषक रंगाला धरून ठेवतात आणि उचलताना पापुद्रा सोबत येतो. मॅट वापरायचीच असेल तर अंघोळ झाल्यावर हलक्या हाताने काढून दांडीवर टाकावी आणि त्याच वेळी टबाच्या अंगावर राहिलेले पाणी फडक्याने पुसून घ्यावे.